म्योडलारॉयट: ओढ्याच्या अल्याड-पल्याडचं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बर्लिनची भिंत सगळ्यांना ठाऊक असते. तशीच भिंत जेमतेम पन्नास वस्तीच्या एका खेड्यातूनही गेली होती, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती करतो. तेच ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे गाव नेमकं आहे कुठे?

जर्मनीच्या नकाशावर म्युनिक आणि बर्लिन यांच्यामध्ये रेघ ओढली, तर साधारण निम्म्यावर होफ नावाचं शहर लागतं. होफच्या उत्तरेला, बव्हेरिया राज्य संपतं आणि थुरिंगिया सुरू होतं अगदी त्या ठिकाणी म्योडलारॉयट आहे. म्हणजे अर्धं बव्हेरियात, अर्धं थुरिंगियात. सॅक्सनी राज्याची हद्दही तिथून फार लांब नाही. तिन्ही राज्यं जिथे भेटतात तिथे दगड रोवलेला आहे आणि हौशी लोक तिथवर चालत जातात.

भोवताली चढउताराची शेतजमीन, मधूनमधून सूचिपर्णी झाडांचं रान. हिवाळा कडक असतो. दक्षिणेकडचे बव्हेरियन लोक या सगळ्या पट्ट्याला चेष्टेने ‘बव्हेरियाचा सैबेरिया’ म्हणतात. इथली माणसंही ते नाव मनावर घेत नाहीत, उलट थोडं मिरवतातच.

नावाचा उच्चार कसा करायचा? अर्थ काय?

म्योड-ला-रॉयट. शेवटचं ‘रॉयट’ या भागातल्या कितीतरी गावांच्या नावात सापडतं. प्रसिद्ध बायरॉयट शहर त्यातलंच. जंगल तोडून, मुळं उपटून लागवडीसाठी मोकळी केलेली जमीन, असा त्याचा अर्थ. म्हणजे मुळात रान साफ करून वसलेली ही वस्ती.

गाव केवढं आहे?

दोन्ही बाजू धरून पन्नासच्या आतबाहेर माणसं. काही शेतघरं, गोठे, एक तळं आणि मधून वाहणारा टानबाख. ‘बाख’ म्हणजे ओढा. तो इतका अरुंद आहे की बऱ्याच ठिकाणी धडधाकट माणूस उडी मारून पलीकडे जाईल. पुढे तो ‘झाले’ नावाच्या नदीला मिळतो, ती नदी एल्बला, आणि एल्ब उत्तर समुद्राला. या गावाची सगळी कहाणी म्हणजे या ओढ्याची कहाणी आहे.

गावाच्या मधोमध सीमा आलीच कशी? शीव तर गावाबाहेर असते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेकांना वाटतं, दुसऱ्या महायुद्धानंतर कुणा अधिकाऱ्याने नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली असणार. तसं नाही. ही शीव फार जुनी आहे.

सोळाव्या शतकापासून टानबाखच्या एका काठाला बायरॉयटच्या मार्कग्राफांची (म्हणजे तिथल्या संस्थानिकांची) सत्ता होती आणि दुसऱ्या काठाला रॉइस घराण्याची. जुनी जर्मनी म्हणजे शेकडो लहानमोठ्या संस्थानांची गोधडी, त्यामुळे ओढा ही हद्द धरायला सोयीची खूण होती. 1810 मध्ये बव्हेरियाच्या राजाने बायरॉयटचा मुलूख नेपोलियनकडून दीड कोटी फ्रँक मोजून घेतला. त्याच वर्षी ओढ्याच्या काठाने नवे हद्दीचे दगड बसवले गेले. एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थानाची. पहिल्या महायुद्धानंतर राजेरजवाडे गेले, 1920 मध्ये छोटी संस्थानं एकत्र येऊन थुरिंगिया झालं, पण हद्द तिथेच राहिली.

मग तेव्हाही लोकांचे हाल होत असतील?

नाही. कर भरायला इकडचे इकडे आणि तिकडचे तिकडे जात, एवढंच. शाळा आणि गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला होता, तर रविवारी प्रार्थनेला सगळे बव्हेरियातल्या ट्योपन गावच्या चर्चमध्ये जात. सोयरीक ओढ्यापलीकडे व्हायची, शेतं दोन्हीकडे असायची. ‘आपण दोन राज्यांत राहतो’ हे गावकऱ्यांना बहुधा सरकारी कागद हातात पडला की आठवत असेल.

1945 नंतर काय बदललं?

एप्रिल 1945 मध्ये या भागात अमेरिकी सैन्य शिरलं. पण दोस्त राष्ट्रांमध्ये आधीच ठरलं होतं, की थुरिंगिया सोव्हिएत वाट्याला आणि बव्हेरिया अमेरिकी वाट्याला. त्याप्रमाणे जुलैच्या सुरुवातीला अमेरिकी फौजांनी थुरिंगिया सोडला. दोन वाट्यांमधली रेघ ठरवताना नवी मोजणी कोण करणार? जुनी राज्यहद्द तयारच होती. संस्थानिकांनी करवसुलीसाठी वापरलेला ओढा अशा रीतीने दोन महासत्तांमधली रेघ झाला.

1949 मध्ये दोन वेगळे जर्मन देश जाहीर झाले, थुरिंगिया पूर्व जर्मनीत आणि बव्हेरिया पश्चिम जर्मनीत गेलं, आणि एकाच गावातले शेजारी परदेशी ठरले. तरी सुरुवातीची काही वर्षं परवाना दाखवून ओढा ओलांडता येत होता. ज्यांची शेतं पलीकडे होती ते जाऊन नांगरणी करून येत.

सगळं बंद कधी झालं?

26 मे 1952 ला पूर्व जर्मनीच्या सरकारने सीमेबद्दलचा हुकूम काढला. तीन पट्टे आखले गेले. सीमेला लागून दहा मीटरचा नांगरून मोकळा ठेवलेला पट्टा, ज्यात पाऊल पडलं तर ठसा दिसावा. त्यामागे पाचशे मीटरचा कडक बंदोबस्ताचा पट्टा. आणि त्यामागे पाच किलोमीटरचा प्रतिबंधित प्रदेश, जिथे राहणाऱ्यांच्या ओळखपत्रावर वेगळा शिक्का लागे. म्योडलारॉयटचा पूर्वेकडचा भाग अर्थातच पाचशे मीटरच्या आत. दिवस मावळल्यावर घराबाहेर काम करायचं नाही, जमाव करायचा नाही, बाहेरच्या माणसाला खास परवान्याशिवाय येऊ द्यायचं नाही, असे नियम लागू झाले. सख्ख्या भावाला जेवायला बोलवायचं तरी आधी अर्ज.

त्याच जूनमध्ये सीमेवरच्या गावांतून ‘भरवशाचे नसलेल्या’ कुटुंबांना घरं सोडायला लावली. ट्रक दारात उभे करायचे, काही तासांत सामान भरायचं आणि देशाच्या आतल्या भागात नेऊन सोडायचं. थुरिंगियात या मोहिमेचं गुप्त नाव होतं ‘उंगेत्सीफर’. शब्दशः अर्थ उपद्रवी किडे, उवा-ढेकूण. सरकारी कागदावर आपल्याच माणसांसाठी हा शब्द! 1961 मध्ये पुन्हा तशीच मोहीम झाली, तेव्हा नाव दिलं एका निळ्या रानफुलाचं. दोन्ही मिळून संपूर्ण सीमेवरून अकरा हजारांहून अधिक माणसं उठवली गेली.

भिंत केव्हा बांधली? केवढी होती?

एकदम भिंत आली नाही. 1952 मध्ये आधी माणसापेक्षा उंच लाकडी फळ्यांचं कुंपण आलं. मग काटेरी तारा. मग तारांची दुहेरी रांग. आणि 1966 मध्ये सुमारे 700 मीटर लांबीची आणि तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत. एरवी दोन जर्मनींमधल्या जवळजवळ 1,400 किलोमीटरच्या सीमेवर बहुतेक ठिकाणी धातूच्या जाळीचं कुंपण असे. भिंत बांधायची ती जिथे घरं सीमेला चिकटून होती तिथे, म्हणजे बघणंसुद्धा अडवायचं होतं तिथे. भिंतीमागे दिव्यांची रांग, टेहळणी मनोरे, गस्तीचा रस्ता आणि कुत्रे.

जरा गंमत बघा. गावापासून थोड्याच अंतरावर म्युनिक-बर्लिन महामार्गाचा झाले नदीवरचा पूल आहे. युद्धाच्या शेवटी 1945 मध्ये तो उडवला गेला होता. दोन्ही देशांच्या संमतीने दुरुस्त होऊन तो पुन्हा खुला झाला, तेही 1966 मध्येच. एकाच वर्षी, एकाच परिसरात, मालमोटारींसाठी पूल आणि शेजाऱ्यांसाठी भिंत.

‘छोटं बर्लिन’ हे नाव कुणी दिलं?

तिथे गस्त घालणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी. ते नाव चिकटलं. बसगाड्या भरभरून पश्चिमेकडचे लोक ‘छोटं बर्लिन’ बघायला यायचे आणि उंचवट्यावर उभं राहून भिंतीपलीकडची घरं न्याहाळायचे. 1983 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश हेही येऊन गेले. पूर्वेकडच्या गावकऱ्यांना मात्र आपलं गाव प्रेक्षणीय स्थळ झालंय याचा उपयोग शून्य. दुर्बिणीच्या चुकीच्या टोकाला राहिल्यासारखं.

पलीकडच्या ओळखीच्या माणसाला हात केला तर?

पश्चिमेकडून करता यायचा. पूर्वेकडून हात हलवणं किंवा हाक मारणं मना होतं आणि बघणारे डोळे बरेच होते. त्यामुळे पश्चिमेकडचा माणूस हात करायचा आणि समोरची ओळखीची व्यक्ती मान खाली घालून आपलं काम करत राहायची. संबंध गोष्टीत मला सर्वात जास्त टोचतं ते हे. तारांचे आणि सुरुंगांचे आकडे वाचून डोकं बधिर होतं, पण मान वळवून घेणारा शेजारी डोळ्यांपुढून जात नाही.

मग नातेवाईक एकमेकांना भेटायचे कसे?

1970 च्या दशकात दोन्ही देशांत करार झाले आणि 1973 पासून पश्चिमेकडच्या सीमाभागातल्या रहिवाशांना पूर्वेकडच्या ठरावीक जिल्ह्यांत दिवसभरासाठी जाण्याची मुभा मिळाली. पण प्रतिबंधित पट्टा त्यातून वगळलेला होता. म्हणजे पश्चिमेकडच्या म्योडलारॉयटकराने गाडी काढायची, महामार्गावरच्या नाक्यावर तपासणी करून घ्यायची, आत एखाद्या गावात जायचं, आणि पूर्वेकडच्या म्योडलारॉयटकराने दुसऱ्या वाटेने तिथे पोहोचायचं. पन्नास पावलांवरच्या माणसाला भेटण्यासाठी हा सगळा वळसा. आपल्याच गावाच्या दुसऱ्या अर्ध्यात मात्र पाऊल टाकता येत नव्हतं.

भिंत ओलांडून कुणी पळालं का?

हो, एकजण. 1973 च्या मे महिन्यात त्याच परिसरातला एक माणूस शिडी वापरून भिंतीवर चढला आणि पलीकडे उतरला. त्याला तिथली खडान्‌खडा माहिती होती आणि त्या भागात यायची परवानगीही. अनोळखी माणूस भिंतीपर्यंत पोहोचणंच अवघड होतं, कारण पाच किलोमीटर आधीपासून अडवणूक सुरू व्हायची.

याच भागातली आणखी एक सुटका जगभर गाजली. 16 सप्टेंबर 1979 च्या पहाटे दोन कुटुंबांतली आठ माणसं, त्यात चार मुलं, घरी शिवलेल्या गरम हवेच्या फुग्यात बसून थुरिंगियातून उडाली आणि साधारण अर्ध्या तासाने बव्हेरियातल्या नायला गावाजवळ उतरली. कापड संशय येऊ नये म्हणून थोडं थोडं, वेगवेगळ्या दुकानांतून घेतलं होतं. नायला होफच्या पश्चिमेला आहे. म्योडलारॉयट बघायला जाणारे बरेचजण तिकडेही वाट वाकडी करतात.

भिंत पडली ती बर्लिनबरोबरच का?

नाही, महिनाभर थांबावं लागलं. पण त्याआधीच या भागात हालचाल सुरू झाली होती. प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या हजारो पूर्व जर्मनांना घेऊन निघालेल्या पहिल्या आगगाड्या 1 ऑक्टोबर 1989 ला होफ स्टेशनात पोहोचल्या. फलाटावर होफकर कपडे, खाणं, खेळणी घेऊन उभे होते. आठवड्याभरात, 7 ऑक्टोबरला, जवळच्याच प्लाउएन शहरात मोठा मोर्चा निघाला.

9 नोव्हेंबरला बर्लिन उघडलं, टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिलं. म्योडलारॉयटची भिंत मात्र जागच्या जागी. अखेर 9 डिसेंबर 1989 ला भिंतीत पायी ये-जा करण्यापुरती वाट केली गेली आणि 37 वर्षांनी लोक थेट ओढा ओलांडून पलीकडे गेले. 17 जून 1990 ला खोदयंत्राने भिंत पाडायला घेतली. तारीख मुद्दाम निवडल्यासारखी वाटते, कारण 1953 मध्ये याच दिवशी पूर्व जर्मनीत कामगारांचा उठाव झाला होता आणि पश्चिम जर्मनी तो दिवस पाळत असे.

आता तिथे पाहण्यासारखं काय आहे?

भिंत पाडताना सुमारे शंभर मीटरचा तुकडा ठेवला गेला. तेव्हा ‘कशाला ठेवायची ही पीडा’ असं वाटणारेही असणार, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या तुकड्याभोवतीच 1990 मध्ये संग्रहालयाची सुरुवात झाली. आज मोकळ्या आवारात भिंत, टेहळणी मनोरा, तारांचं कुंपण आणि गस्तीचा रस्ता जागच्या जागी बघता येतो, काही भाग मूळ आणि काही पुन्हा उभा केलेला. आत लष्करी वाहनं, गणवेश, छायाचित्रं आणि गावकऱ्यांच्या आठवणी आहेत.

माझा सल्ला असा की आधी आत न शिरता वरच्या उंचवट्यावर जा. तिथून भिंतीचा पांढरा तुकडा, मागची लालसर छपरं आणि चरणाऱ्या गाई एका नजरेत येतात. लहानपणाचं भातुकलीचं गाव असावं तसं. मग खाली उतरून भिंतीच्या पायथ्याशी उभं राहिलं, की तीन मीटर म्हणजे किती, ते मानेला समजतं.

गस्तीच्या रस्त्यावर चालता येतं का?

येतं. भोकं असलेल्या काँक्रीटच्या लाद्यांच्या दोन ओळी आहेत, त्यांतून आता गवत उगवलेलं असतं. पायात बूट घाला, भोकांत चप्पल अडकते. जुन्या सीमेच्या या पट्ट्यात चाळीस वर्षं ना शेती झाली ना घर उभं राहिलं, त्यामुळे दुर्मिळ पक्षी, फुलं, कीटक तिथे टिकून राहिले. म्हणून हा पट्टा देशभर ‘हिरवा पट्टा’ म्हणून जपला जातो. थुरिंगियाने आपल्या हद्दीतला भाग 2018 मध्ये राष्ट्रीय निसर्गस्मारक म्हणून जाहीर केला.

गाव आता एक झालं का?

देश एक झाला, भिंत गेली. गाव अजूनही दोनच. दक्षिणेकडचा भाग बव्हेरियातल्या ट्योपन ग्रामपालिकेत, उत्तरेकडचा थुरिंगियातल्या गेफेल नगरपालिकेत. त्यामुळे दोन महापौर, दोन पिनकोड (95183 आणि 07926), दूरध्वनीचे दोन विभागीय क्रमांक, गाड्यांच्या पाट्यांवर दोन जिल्ह्यांची अक्षरं.

भेटल्यावर बव्हेरियाकडचा माणूस ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतो, म्हणजे ‘देव तुमचं भलं करो’च्या चालीवरचं. थुरिंगियाकडचा ‘गुटन टाग’ म्हणतो. साधा ‘दिवस चांगला जावो’. जेवणात मात्र शीव नाही. दोन्हीकडे रविवारी बटाट्याचे मोठाले गोळे आणि त्यावर मांसाचा रस्सा, आणि आपलेच गोळे खरे, असं दोन्हीकडे मत.

मुलांच्या शाळा आणि सुट्ट्या?

इथे खरा घोळ आहे. जर्मनीत शिक्षण हा राज्याचा विषय, म्हणून मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात आणि उन्हाळी सुट्टीही वेगवेगळी. बव्हेरियाची सुट्टी उशिरा लागते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. तोवर थुरिंगियाची शाळा सुरू झालेली असते. अल्याडचं पोर सायकल उडवतंय आणि पल्याडचं पाठीवर दप्तर घेऊन बसची वाट बघतंय, असं दृश्य.

सणांचंही तेच. 31 ऑक्टोबरला, मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेच्या दिवशी, थुरिंगियात सुट्टी. दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, बव्हेरियात सुट्टी. 6 जानेवारी बव्हेरियाचा, तर 20 सप्टेंबरचा बालदिन 2019 पासून थुरिंगियाचा. त्यात होफकडचा भाग परंपरेने प्रोटेस्टंट, पण राज्य परंपरेने मुख्यतः कॅथलिक असल्यामुळे कॅथलिक सुट्ट्या पदरात पडतात. सुट्टीला कोण नको म्हणतो!

कसं जायचं?

म्युनिक-बर्लिन महामार्गावरून गावाचा फाटा जवळ आहे. म्युनिक किंवा बर्लिन, दोन्हीकडून तीन-साडेतीन तास धरा. त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्या मराठी मंडळींना वाटेत दोन तास काढले तर सहज जमतं. रेल्वेने यायचं तर होफला उतरून पुढे गाडी करणं बरं, खेड्यातल्या बसच्या भरवशावर राहू नये. एप्रिल ते ऑक्टोबर चांगला काळ. थंडीत बर्फातली भिंत सुंदर दिसते हे खरं, पण वारा हाडं गोठवतो.

एक विनंती. ही माणसांची राहती घरं आहेत. कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नका. इथल्या म्हाताऱ्यांनी कुणीतरी सतत न्याहाळण्याचा पुष्कळ अनुभव घेतला आहे.

दोन्ही भाग एकाच राज्यात का घालत नाहीत?

कायद्याने जमण्यासारखं आहे. जर्मन राज्यघटनेच्या 29 व्या कलमात तरतूद आहे, की पन्नास हजारांपर्यंत वस्तीच्या मुलखापुरती राज्यहद्द दोन राज्यं आपसातल्या कराराने बदलू शकतात. इथे तर पन्नासच माणसं. पण मग बव्हेरियात जायचं की थुरिंगियात? शाळा, पंचायत, सुट्ट्या, सगळं कुणा एकाला बदलावं लागणार. आणि पूर्वजांची तीन-चारशे वर्षं दोन राज्यांत राहून मजेत गेलेली. 1810 चे ते दगड ओढ्याकाठी अजून उभे आहेत, आणि सध्याची राज्यहद्द त्यांच्याच रेषेत धरली जाते.